पारंब्यांच्या पुलावरचे पाहुणे : मेघालयातील वर्षावनात शेती आणि ग्रामपर्यटनाची सांगड

मेघालयातील खासी टेकड्यांचे पठार दक्षिणेकडे बांगलादेशाच्या मैदानावर एकाएकी तुटून उतरते. बंगालच्या उपसागरावरून येणारे पावसाळी ढग या कड्यांना अडतात. त्यामुळेच सोहरा (चेरापुंजी) आणि मौसिनराम ही गावे जगातील सर्वाधिक पावसाची ठिकाणे म्हणून ओळखली जातात. मौसिनरामची वार्षिक सरासरी सुमारे ११,८०० मिलिमीटर असून कोकणातील पावसाच्या ती तिप्पट-चौपट भरते. पठाराच्या माथ्यावर मातीचा थर अतिशय पातळ आहे आणि तेथे बहुतांशी गवतच दिसते. कड्याखालच्या खोल घळींत मात्र दाट सदाहरित वन आहे, आणि त्या वनाच्या आधारानेच वस्ती व बागायत वाढली आहे. या दक्षिण उताराच्या प्रदेशाला 'वार' असे म्हणतात.

गेल्या काही दशकांत या खेड्यांकडे देशभरातून पाहुणे येऊ लागले आहेत. 'डिस्कव्हर इंडिया' या नियतकालिकाने २००३ साली मावलिननाँगला आशियातील सर्वांत स्वच्छ गाव म्हणून गौरविले. येथील जिवंत मूळ-पुलांच्या सांस्कृतिक भूप्रदेशाचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य सूचीत समावेश झाला. साहजिकच पाहुण्यांची संख्या वाढली आणि अनेक कुटुंबांना बागेखेरीज उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळाला. या पाहुण्यांसाठी तेथे कोणते उपक्रम आहेत, त्यांचा शेतीशी संबंध काय, आणि हा संबंध तुटला तर काय गमावले जाईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आपल्या गावात कृषी पर्यटन सुरू करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांना आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना हे उदाहरण उपयुक्त ठरावे.

पूल म्हणजे बागेची वाट

पारंब्यांचा पूल पाहण्यासाठी पाहुणे दुरून येतात. परंतु तो कोणी पाहण्यासाठी बांधलेला नाही. वार भागातील पोफळीच्या बागा घर एका काठाला आणि बाग दुसऱ्या काठाला, अशा पसरलेल्या असतात. मध्ये खळाळता ओढा. पावसाळ्यात पाणी इतके चढते की लाकडाचा वा बांबूचा पूल कुजून जातो किंवा वाहून जातो. यावर खासी शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे वडाच्याच कुळातील रबर-वड हा वृक्ष. खासी भाषेत अशा पुलाला 'जिंगकिएंग जरी' असे नाव आहे.

पद्धत अशी. ओढ्याच्या काठावर रबर-वडाचे रोप लावले जाते. झाड मोठे झाले, की त्याच्या कोवळ्या पारंब्यांना बांबूच्या मांडवावरून किंवा पोफळीच्या पोकळ केलेल्या खोडाच्या पन्हळीतून पलीकडच्या काठाकडे वळविले जाते. पलीकडे पोहोचलेली पारंबी जमिनीत रुजते आणि हळूहळू जाड होते. शेजारच्या पारंब्या एकमेकींत गुंफल्या, की कालांतराने त्यांचे सांधे एकजीव होतात. मधल्या फटी दगड-मातीने भरून चालण्याजोगी वाट तयार केली जाते. पूल वापरायोग्य होण्यास साधारणपणे १५ ते ३० वर्षे लागतात. ज्याने रोप लावले त्याच्या मुलांना, कित्येकदा नातवंडांना, त्यावरून चालता येते. सिमेंट-पोलादाचा पूल वर्षागणिक झिजतो. हा पूल मात्र निगा राखल्यास वर्षागणिक बळकट होतो.

या पुलांची लेखी नोंद १८४४ साली हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरविद्याशाखीय अभ्यासात अशा ७४ पुलांची माहिती संकलित करण्यात आली. नोंगरियाट गावातील दुमजली पूल हा त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध. तेथे जाण्यासाठी टिर्ना गावापासून तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात, आणि परतताना तितक्याच चढाव्या लागतात. पाहुण्यासाठी ही एका दिवसाची दमछाक असते. नोंगरियाटच्या शेतकऱ्यासाठी मात्र हाच बाजाराचा रस्ता आहे. सुपारी आणि तमालपत्राचे ओझे 'खोह' नावाच्या शंकूच्या आकाराच्या टोपलीत भरून, टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन, याच पायऱ्यांवरून तो वर येतो. ओझे घेतलेल्या माणसाला आधी वाट द्यावी, हा या पदभ्रमंतीचा पहिला शिष्टाचार होय.

वनाच्या सावलीतील बाग

वार भागातील बाग आणि वन यांची सीमा नवख्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. वरच्या थरात फणस व रानातील उंच झाडे, त्याखाली पोफळी आणि तमालपत्राची झाडे, त्यांच्या खोडांवर चढलेल्या पानवेली व मिरीच्या वेली, आणि तळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन, अशी ही बहुस्तरीय रचना असते. पानवेलीला पुरेसा उजेड मिळावा म्हणून आधाराच्या झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि तीच छाटणी वेलीच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरली जाते. श्रीवर्धन-अलिबागकडील पोफळीच्या वाडीत मिरी चढविणाऱ्या शेतकऱ्याला ही रचना ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की येथे वाडी वनापासून वेगळी काढलेली नाही.

इतका पाऊस पडूनही हिवाळ्यात या तीव्र उतारांवर पाण्याची चणचण भासते. त्यासाठी जैंतिया टेकड्यांच्या दक्षिण भागात बांबूच्या नळ्यांची ठिबक सिंचन पद्धत पूर्वापार वापरात आहे. वरच्या झऱ्याचे पाणी बांबूच्या पन्हळींतून गुरुत्वाकर्षणाने खाली आणले जाते आणि फाट्या-उपफाट्यांतून विभागत नेले जाते. मुख्य नळीत मिनिटाला १८ ते २० लिटर शिरणारे पाणी पानवेलीच्या मुळाशी मिनिटाला २० ते ८० थेंब एवढेच पडते. पंप नाही, वीज नाही, प्लास्टिक नाही. प्रगतिशील शेतकऱ्यांच्या अभ्याससहलीसाठी यापेक्षा बोलका नमुना क्वचितच मिळेल.

अशा बागेतील फेरी हा पाहुण्यांसाठी घेता येणारा सर्वांत साधा आणि सर्वांत उपयुक्त उपक्रम आहे. पोफळीवर चढण्याचे कौशल्य, पान खुडण्याची रीत, तमालपत्राच्या फांद्या वाळविणे, मधमाश्यांच्या पेट्या, हे सर्व दोन-तीन तासांत दाखविता येते. त्यासाठी स्वतंत्र बांधकाम लागत नाही. शेतकऱ्याचे नेहमीचे काम चालू असते आणि पाहुणा त्या कामाच्या मागोमाग चालतो. फेरीच्या शेवटी मध, मिरी, तमालपत्र किंवा संत्री थेट बागेतूनच विकली जातात. भौगोलिक मानांकन मिळालेले खासी संत्रे याच प्रदेशातील फळ आहे.

वाटा, नदी, गुहा आणि देवराई

शिलाँगपासून सुमारे २५ किलोमीटरवर मॉफलांगची देवराई आहे. सुमारे ७५ हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेल्या या राईतून फूल, पान वा वाळकी काटकीही बाहेर नेऊ नये, असा नियम आहे. पाहुण्यांना स्थानिक वाटाड्याबरोबर आत जाता येते. कोणत्या शिळेशी कोणता विधी होत असे, कोणती वनस्पती औषधी, कोणते आमर वृक्षांच्या फांद्यांवर वाढते, हे तोच सांगतो. सह्याद्रीतील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना येथील नियमांमागचा भाव समजण्यास अडचण पडणार नाही. मॉफलांगपासूनच डेव्हिड स्कॉट मार्ग ही सुमारे १६ किलोमीटरची पायवाट सुरू होते. आसाम आणि सिल्हेट यांना जोडणाऱ्या ब्रिटिशकालीन वाटेचा हा अवशेष आहे.

नदीकाठच्या गावांचे उपक्रम निराळे. डावकीजवळ उमंगोट नदीचे पाणी हिवाळ्यात इतके नितळ असते की नाव जणू अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो. तेथे नौकाविहार, आणि वरच्या अंगाला श्नोंगप्देंग गावात छोट्या होड्या वल्हविणे व नदीकाठी तंबूत मुक्काम, अशी सोय गावकरी करतात. चुनखडीच्या या प्रदेशात गुहाही पुष्कळ आहेत. सोहराजवळील मौसमाई गुहेत दिव्यांची व्यवस्था असल्याने कुटुंबासह जाता येते. खोल गुहांत मात्र अनुभवी मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकू नये.

पाहुणचार आणि संस्कृती

खासी घरात पाहुण्याचे स्वागत 'क्वाई'ने होते. ओली सुपारी, विड्याचे पान आणि चुना एवढाच त्याचा सरंजाम. परंतु तो नाकारणे पाहुणचार नाकारण्यासारखे मानले जाते. सवय नसलेल्याने थोडासाच तुकडा घ्यावा, कारण ओल्या सुपारीने अंगाला घाम फुटतो. पूर्वी दोन गावांतील अंतरही वाटेत किती क्वाई चघळल्या जातील यावरून सांगत. बागेत पाहिलेली पोफळ आणि पानवेल घराच्या उंबऱ्यावर पुन्हा भेटते, तेव्हा पिकाचे समाजातील स्थान पाहुण्याला उमगते.

जेवणात तांदूळ मुख्य. मांसाबरोबर शिजविलेला 'जादोह' हा भात, काळ्या तिळातील डुकराचे मांस, आंबविलेल्या सोयाबीनची 'तुंगरिंबाई' ही चटणी आणि तांदळाच्या पिठाचे 'पुथारो' हे पदार्थ घरोघरी होतात. शाकाहारी पाहुण्यांनी आधी कळविणे उचित. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्या स्त्रिया बांबू व पानांचे 'क्नुप' पाठीवर घेतात. कोकणातील इरल्याचेच ते भावंड. क्नुप आणि खोह विणणाऱ्या कारागिरासमवेत एक सकाळ घालविणे हा अनेक ठिकाणी करता येण्याजोगा उपक्रम आहे.

कोंगथाँग गावात प्रत्येक आई आपल्या बाळासाठी एक स्वतंत्र धून रचते. घराभोवती हाक मारताना तिचे छोटे रूप, आणि रानात वा बागेत दूरच्या माणसाला बोलाविताना दीर्घ रूप वापरले जाते. घनदाट वनात आणि खोल दऱ्यांत काम करणाऱ्या समाजाला अशा हाकेचा उपयोग काय, हे तेथे उभे राहिल्यावर आपोआप कळते. त्या धुना पाहुण्यांसाठी वारंवार गाऊन दाखविण्यास भाग पाडणे मात्र अनुचित होय.

सणांचा संबंधही पिकाशी आहे. एप्रिलच्या सुमारास शिलाँग येथे 'शाद सुक मिनसिएम' हा कृतज्ञतेचा नृत्योत्सव होतो. जुलैमध्ये पेरणीनंतर जोवाई येथे जैंतिया समाजाचा 'बेहदिएनखलम' असतो. नोव्हेंबरमध्ये स्मित येथे 'नोंगक्रेम' उत्सव सुगीच्या आभाराचा. खासींचा परंपरागत आठवडा आठ दिवसांचा असून त्या दिवसांना बाजारांची नावे आहेत. ज्या दिवशी जेथे बाजार असेल तेथे पाहुण्याला नेले, तर एका सकाळीत त्या भागातील सारी पिके पाहावयास मिळतात.

हंगामानुसार नियोजन

• नोव्हेंबर ते जानेवारी : संत्र्यांची तोडणी, स्वच्छ आकाश, नदी नितळ, पदभ्रमंतीस उत्तम काळ.
• जानेवारी ते मार्च : केरसुणीच्या गवताची कापणी व बांधणी, तमालपत्राची तोडणी, बांबू ठिबक प्रत्यक्ष चालू अवस्थेत पाहता येते.
• एप्रिल-मे : उत्सव, वळवाच्या सरी, ओढ्यांना पाणी वाढू लागते.
• जून ते सप्टेंबर : धो धो पाऊस, धबधबे पूर्ण भरात, परंतु पायऱ्या निसरड्या व नदीत उतरणे धोक्याचे. थोड्या पाहुण्यांसाठी घरगुती मुक्काम, विणकाम व स्वयंपाक हेच उपक्रम योग्य.

तोडणीच्या ऐन दिवसांत घरातील सर्व माणसे बागेत असतात. त्या आठवड्यात पाहुणे घ्यावेत की नाहीत, हे कुटुंबानेच ठरवावे. पाहुण्यासाठी तोडणी लांबणीवर टाकणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

निर्णय कोणाचा ?

येथील पर्यटनाचे खरे बळ ग्रामसंस्थेत आहे. गावाचे निर्णय 'दोरबार श्नोंग' ही ग्रामसभा घेते आणि 'रांगबाह श्नोंग' हा तिचा प्रमुख असतो. वाटांची निगा, वाहनतळाचे शुल्क, कचऱ्याची व्यवस्था, पाहुण्यांनी पाळावयाचे नियम हे विषय तेथे ठरतात. मावलिननाँगमध्ये वाटेवर ठिकठिकाणी बांबूच्या टोपल्या आहेत. त्यांत पडलेल्या पालापाचोळ्याचे खत होते, आणि झाडलोट हा घरोघरच्या दिनक्रमाचा भाग आहे. पुरस्कार मिळाला म्हणून गाव स्वच्छ झाले नाही. स्वच्छतेची शिस्त आधीपासून होती.

दुसरी जमेची बाजू जमिनीची. मेघालय जमीन हस्तांतरण (नियमन) अधिनियम, १९७१ अन्वये आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे सहजासहजी हस्तांतरित होत नाही. त्यामुळे बाहेरच्या भांडवलदाराने डोंगर विकत घेऊन विश्रामगृह उभारावे आणि गावकऱ्यांनी तेथे नोकरी करावी, हा इतरत्र दिसणारा क्रम येथे बराच रोखला गेला. खासी समाज मातृवंशीय असून पूर्वापार घर धाकट्या मुलीकडे जाते. घरगुती मुक्कामाच्या व्यवस्थेत स्त्रियांचा शब्द महत्त्वाचा असतो, त्याचे कारण हेच.

पुलावर किती भार ?

तरीही येथे एक कठीण प्रश्न उभा आहे. गेल्या काही दशकांत अनेक ओढ्यांवर पोलादी दोरांचे पूल झाले. ते झटपट उभे राहतात, शाळेत जाणाऱ्या मुलांची व बाजारात जाणाऱ्या बागायतदारांची सोय होते. गावकऱ्यांनी ते नाकारावेत असे कोणीही म्हणू नये. परंतु बागेची वाट दुसरीकडून गेली, की पारंब्यांच्या पुलावरची वर्दळ थांबते. आणि वर्दळ थांबली, की नव्या पारंब्या वळविणारे हातही थांबतात. मूळ-पूल हा जिवंत वृक्ष असल्याने दुर्लक्षित पूल मोडकळीस येण्यास वेळ लागत नाही. त्याहून मोठी हानी म्हणजे ते विणण्याचे ज्ञान एका पिढीच्या खंडात नाहीसे होऊ शकते.

पाहुण्यांमुळे पुलाची निगा राखण्यास नवे कारण मिळाले, ही पर्यटनाची चांगली बाजू. पण त्याच पाहुण्यांची गर्दी पुलाला घातकही ठरते. बागाईत बांधवांच्या रोजच्या ये-जा करण्यासाठी घडलेल्या वाटेवर शेकडो माणसे छायाचित्रासाठी थांबू लागली, तर कोवळ्या पारंब्या तुडविल्या जातात, सालीवर नावे कोरली जातात आणि बुंध्याभोवतीची माती घट्ट होऊन मुळांना हवा मिळेनाशी होते. फळबागेत सतत यंत्र फिरले की काय होते, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. म्हणूनच रिवाई येथील पुलावर थांबू नये, चालत राहावे, अशी सूचना आहे. असे नियम गावाने सांगितले की पाहुण्याने ते निमूटपणे पाळावेत. एका वेळी किती जणांनी पुलावर जावे, हे गाववार ठरविण्याची गरज यापुढे वाढत जाईल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी काही सूत्रे

१. उपक्रमांची यादी गावातील कामांच्या यादीतून करावी. आधी पीक-दिनदर्शिका मांडावी, मग त्यात पाहुण्याला कोठे सामावून घेता येईल ते पाहावे.

२. पाहुण्यांची कमाल संख्या पहिल्याच वर्षी ठरवावी. पाणी, शौचालये, वाटेची रुंदी आणि यजमान कुटुंबाचा मोकळा वेळ या चार बाबींवरून ती काढता येते. गर्दी झाल्यावर मर्यादा घालणे अवघड जाते.

३. शुल्काची विभागणी उघड असावी. यजमान कुटुंब, वाटाड्या आणि ग्रामनिधी असे किमान तीन वाटे असावेत, आणि ग्रामनिधीतील काही भाग वाट, पूल, देवराई यांच्या देखभालीसाठीच राखावा.

४. वाटाड्यांचे प्रशिक्षण गावातील जाणत्यांकडून व्हावे. प्रथमोपचार, पावसाचा अंदाज व सुरक्षितता यांची जोड बाहेरच्या तज्ज्ञांनी द्यावी.

५. विधी आणि उत्सव मागणीनुसार भरवू नयेत. रविवारी खासी ख्रिस्ती कुटुंबे प्रार्थनेस जातात. पाहुण्यांचे वेळापत्रक त्याचा मान राखणारे असावे.

६. वाहनतळ वा खोल्यांसाठी बाग तोडली जाऊ नये. पाहुणा जे पाहण्यासाठी येतो तेच त्याच्या सोयीसाठी नष्ट करण्याचा हा प्रकार आहे.

७. उत्पन्नाची नोंद शेती आणि पर्यटन अशी वेगवेगळी ठेवावी. टाळेबंदीच्या काळात २०२० साली पाहुणे थांबले, तेव्हा ज्यांची बाग शाबूत होती त्यांच्या हाती निदान पीक होते.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यापासून सह्याद्रीच्या व कोकणाच्या पट्ट्यातही असे प्रयत्न वाढत आहेत. तेथेही पोफळीच्या वाड्या आहेत, देवराया आहेत, मुसळधार पाऊस आहे. खासी शेतकऱ्यांचे अनुकरण म्हणून तेथे पारंब्यांचा पूल विणण्याची आवश्यकता नाही. आपल्या वाडीत आधीपासूनच जे कामाचे आणि टिकाऊ आहे, ते ओळखून पाहुण्याला त्याच्या वाटेने नेणे, एवढे घेण्याजोगे आहे.

वार भागातील ओढ्याकाठी आज लावलेल्या रबर-वडाच्या रोपाचा पूल साधारणपणे १५ ते ३० वर्षांनी वापरात येईल. तोपर्यंत पलीकडच्या काठावर पोफळीची बाग उभी असेल, तरच त्या पुलावरून कोणी चालेल. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या पैशाचा पहिला विनियोग त्या बागेसाठी व्हावा, याची काळजी आज विस्तार यंत्रणेने आणि गावाने मिळून घ्यावयाची आहे.